आम्ही लोकल पॉप्युलेशन

हे सगळं खरं आहे. देवाशप्पथ! प्रत्येक प्रसंगी मी स्वतः तिथे हजर होतो. म्हणजे पहिल्या वर्षी नव्हतो, पहिल्या वर्षी मी पार्किंग लॉटमध्ये गाडीत झोपलो होतो. आणि ठरावाचा किस्सा अर्धा सुहासकडून ऐकलेला आहे. पण सुहास पुण्याचा. तो खोटं बोलत नाही, फक्त आपण कसे बरोबर होतो तेवढंच सांगतो. तेव्हा खरंच आहे सगळं. बहुतेक.

अमेरिकेतल्या कॅरीसारख्या गावात मिनीव्हॅन असलेल्या आणि शनिवारी कुणाला 'नाही' म्हणता न येणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. सीटखाली चिवडा साठतो तसे. एखाद्या दिवशी व्हॅक्यूम घेऊन बसलं की लक्षात येतं, अरे, हे शेंगदाणे तर फार जुने आहेत, आणि ज्यांच्या हातून सांडले ते आता नाहीत. आमच्या मंडळाच्या सीनियर ग्रुपला मी दर वर्षी एका युद्धावर घेऊन जातो. पूर्वी दोन फेऱ्या कराव्या लागायच्या. आता एका फेरीत सगळे मावतात, आणि वर जागा उरते.

कसलं युद्ध, ते आधी सांगतो.

आमच्यापासून तासाभरावर एक छोटं कॉलेज आहे. तिथे इतिहास शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना आम्ही नुसतं मॅडम म्हणतो. दर वसंतात, पाइनचा पिवळा पराग गाड्यांवर हळदीसारखा बसतो त्या दिवसांत, मॅडम आपल्या विद्यार्थ्यांसाठी एक दिवसाचा खेळ ठेवतात. दुसरं महायुद्ध चालू आहे. समुद्रात एक बेट आहे. बेट एका साम्राज्याचं आहे, आणि शत्रूचं आरमार त्याच्या दिशेने निघालंय. वरच्या मजल्यावर एका खोलीत साम्राज्याची राजधानी, दुसरीत शत्रू, आणि जिन्याजवळच्या खोलीत बेटाचा गव्हर्नर. पोरं एकमेकांना तारा पाठवतात, हेर पेरतात, तह करतात, मोडतात. मॅडम शिट्टी वाजवतात की काळ पुढे सरकतो. दुपारी चारला गव्हर्नर आणि त्याचे अधिकारी शेवटच्या बोटीने निघून जातात, शत्रू उतरतो, आणि मॅडम मार्क देतात.

आणि खाली जिममध्ये बेट. बेटावर माणसं हवीत ना! मॅडम आमच्या सीनियर ग्रुपमध्ये आल्या आणि म्हणाल्या, "आय नीड अ लोकल पॉप्युलेशन."

आमच्याकडे लोकल पॉप्युलेशनशिवाय दुसरं होतं काय?

*

पहिल्या वर्षी मी झोपलेला होतो, पण हा किस्सा मला पाठ आहे.

भास्करकाका सबनीस हे आमच्यातले सगळ्यात मोठे. नव्वदीला टेकलेले. आयुष्यभर या राज्यात पूल बांधले, आता रिटायर. युद्धालासुद्धा टाय लावून येतात. मॅडम नियम समजावून सांगत होत्या, तेवढ्यात काकांनी हात वर केला.

"मॅडम, या बेटाचं नाव काय?"

मॅडमनी फाइल चाळली. "इट्स जस्ट द टेरिटरी."

"तिथले लोक काय म्हणतात त्याला?"

"कुठले लोक?"

"आम्ही."

मॅडम भल्या बाई आहेत. ओशाळल्या आणि म्हणाल्या, तुम्हीच ठेवा एखादं नाव. झालं! कुणी म्हणे हे ठेवा, कुणी म्हणे ते. शेवटी कुंदाकाकू उठल्या. कुंदाकाकू नागपूरच्या, भूल देणाऱ्या डॉक्टर. आयुष्यभर लोकांना झोपवलं, आता कुणाला डुलकी काढू देत नाहीत. म्हणाल्या, "नागपूर ठेवा बापा! आमच्या गावाला समुद्र मिळायचा हाच एक चान्स आहे."

ठरावाविनाच मंजूर झालं. वरच्या मजल्यावरच्या नकाशांवर मात्र शेवटपर्यंत 'टी' एवढंच अक्षर होतं. मॅडमनी बदलायला सांगितलं होतं म्हणे. मार्कर सापडला नाही.

*

त्यानंतरच्या वर्षी शत्रूची पोरं फार हुशार निघाली. त्यांनी ठरवलं, बेटावर माणसं किती हे आधी हेरायचं, मग किती सैन्य उतरवायचं ते बघू.

त्यांचा हेर जिमच्या दारावरून दोनदा गेला. आत डोकवायची परवानगी नव्हती. पण दाराबाहेर बघतो तर चपला-बुटांचा ढीग! जिमची फरशी गुळगुळीत लाकडी, पॉलिश केलेली. आमच्या मंडळींचे पाय तिथे आपोआप थबकले आणि बूट बाहेर राहिले. त्यात कुंदाकाकूंनी डोनेशनला द्यायची जुन्या बुटांची एक गोणी आणली होती. परतीच्या वाटेत टाकायची म्हणून. ती गाडीत नको, वास येतो म्हणून मीच बाहेर ठेवली, आणि ती आडवी झाली.

हेराने मोजलं. दोनशे जोड! बरं, साठ असतील. आत माणसं वीस.

शत्रूच्या खोलीत धावपळ. बेटावर छुपं सैन्य आहे! हल्ला पुढे ढकला! जादा तुकड्या मागवा! नुसत्या चपलांवर आम्ही एक आख्खं आरमार अर्धा तास समुद्रात उभं केलं. तेवढ्या वेळात राजधानीने कुमक पाठवली असती, तर इतिहास बदलला असता. पण राजधानीच्या खोलीतली पोरं पिझ्झा आणायला गेली होती.

नंतर शत्रूच्या सेनापतीला खरं काय ते कळलं. त्याने डोक्याला हात लावला. "हल्ला होणार आहे हे माहीत असताना कोण बूट काढून ठेवतं?"

कुंदाकाकू म्हणाल्या, "पळायचं ठरलं की घालू ना!"

सगळे हसले. भास्करकाका खाली वाकून लेस बांधत होते. वर न बघता म्हणाले, "पळायला कुठे, कुंदाताई? बेट आहे."

*

आता ठरावाचा किस्सा. यातलं अर्धं सुहासचं आहे, त्यामुळे मीठ आपापल्या अंदाजाने घाला.

सुहास माझ्याच ऑफिसात डेटाबेस सांभाळतो. वयाने सीनियर नाही, पण त्याला कमिटीत काम करायला आवडतं, म्हणून तो बेटावर राहतो. त्या वर्षी राजधानीचा वकील बनून एक पोरगा खाली आला. पांढरा शर्ट, हातात क्लिपबोर्ड. म्हणाला, "शत्रू जवळ आलाय. बेटाच्या रहिवाशांची इच्छा काय? लढायचं, की बेट खुलं सोडायचं? पुढच्या शिट्टीच्या आत कळवा."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी आमचं मत विचारलं! आम्ही ताबडतोब सभा घेतली.

सुहास म्हणाला, "आधी मागच्या सभेचं इतिवृत्त मंजूर करू."

कुंदाकाकू म्हणाल्या, "कसली मागची सभा? बेट आज सकाळी झालंय!"

"मग अध्यक्ष कोण?"

झालं, अध्यक्षपदाला दोन उमेदवार. कुंदाकाकू आणि सुहास. मतदान झालं, बरोबरी झाली. दोन उपाध्यक्ष करून विषय मिटवला. मग मसुदा. सुहासने दुरुस्ती सुचवली, ठरावात 'शत्रू' हा शब्द नको, 'येणारे पाहुणे' लिहा. उद्या ठराव त्यांच्याच हाती पडला तर? हा मुद्दा सगळ्यांना पटला. मग 'पाहुणे'ला 'आगंतुक' म्हणायचं का, यावर कुंदाकाकूंनी सभात्याग केला. जिमच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या, तिथे त्यांच्या बाजूचे चौघे गेले, आणि बेटावर दुसरं मंडळ स्थापन झालं.

शेवटी ठराव एकमताने मंजूर! टाळ्या! आणि त्याच टाळ्यांत शत्रूची पोरं दार ढकलून आत आली. शिट्टी केव्हाच होऊन गेली होती.

सुहासच्या हातात ठराव तसाच. "आता हा द्यायचा कुणाला?"

कुंदाकाकू म्हणाल्या, "आता जे आलेत त्यांना द्या. फक्त वरचा पत्ता बदला!"

संध्याकाळी मी त्या क्लिपबोर्डवाल्या पोराला गाठलं. म्हटलं, आमचं जरा चुकलंच, वेळेत द्यायला हवा होता. तो म्हणाला, "इट्स ओके सर. वी हॅड ऑलरेडी डिसायडेड इन द मॉर्निंग." फक्त लोकांना विचारलं की एक्स्ट्रा मार्क मिळतात, म्हणून तो खाली आला होता.

हे मी आमच्या लोकांना सांगितलं नाही. तो ठराव कुंदाकाकूंच्या फ्रिजवर अजून आहे.

*

एके वर्षी मॅडमनी खेळ एक तास वाढवला. शत्रू बेटावर उतरल्यानंतर काय होतं, तेही पोरांनी शिकावं म्हणून.

शत्रूचा एक इंटेलिजन्स ऑफिसर आला. गोड पोरगा, चष्मेवाला. आवाज दरडावणीचा काढला की चष्मा घसरायचा. म्हणाला, "या बेटावरून कुणीतरी जुन्या मालकांना खुणा करतंय. मला एक नाव हवंय. नाही दिलंत, तर सगळे कॉरिडॉरमध्ये जाऊन बसा."

कॉरिडॉर म्हणजे व्हेंडिंग मशीनच्या शेजारी, वर एसी बदाबदा. कुंदाकाकूंचे गुडघे आधीच बोलत होते. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. भास्करकाकांकडे बोट दाखवलं.

"हे घ्या! हे भास्करराव. तोंडावरूनच हेर दिसतात!"

बेटभर हशा! चष्मेवाल्याने काकांच्या टायवर 'स्पाय' लिहिलेलं स्टिकर लावलं. काका उठले, कॉरिडॉरमध्ये गेले, खुर्चीवर ताठ बसले. मी फोटो काढला. फोटोत सगळे हसतायत.

परतताना काका पुढच्या सीटवर माझ्या शेजारी. स्टिकर तसंच टायवर. हायवेला लागल्यावर मागून कुंदाकाकूंनी विचारलं, "रागावलात का हो?"

"नाही, नाही," काका म्हणाले. टायवरच्या स्टिकरवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "माझे वडील असेच गेले. म्हणून जरा..."

मी रेडिओ बंद केला.

काका म्हणाले, "वडील अंदमानात होते. पोर्ट ब्लेअरला, सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. मी सहा वर्षांचा असेन. जपानी येणार, हे सगळ्यांना माहीत होतं. साहेबलोकांची बोट निघाली, तेव्हा मोठ्या साहेबाने वडिलांना सांगितलं, तुमच्यासाठी दुसरी बोट येतेय, तोवर दवाखाना उघडा ठेवा. आईने वळकट्या बांधल्या. वडील रोज संध्याकाळी कंदील घेऊन धक्क्यावर जायचे. अंधारात बोट आली आणि आपण दिसलोच नाही तर?"

"आली का हो?" मागून कुणीतरी विचारलं.

"जपानी आले. मग धक्क्यावर जाता येईना, तर वडील घरामागच्या टेकाडावर कंदील घेऊन उभे राहायला लागले. साहेब बोललाय म्हणजे बोट येणार, असा माणूस. मग जपान्यांनी शेजाऱ्याला धरून विचारलं, समुद्राकडे दिवा कोण दाखवतं? त्याने नाव सांगितलं. खोटं नाही सांगितलं हो त्याने. दिवा दाखवत होतेच ना."



"बोट दिली नाही याचा मला राग नाही," काका म्हणाले. "लढाई चालू होती, बोटी आणणार कुठून? पण जाताना कुणीतरी येऊन 'नाही' म्हणायला हवं होतं. बोट नाही, एवढंच. माणूस घरी बसला असता."

काकांच्या दारापाशी गाडी थांबवली, तेव्हा कुंदाकाकू उतरल्या. मी या बाईला इतकी वर्षं ओळखतो, 'सॉरी' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकलेला नाही. त्या दिवशीही ऐकला नाही. काकांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "द्या ते इकडे." टायवरचं स्टिकर सोडवलं, स्वतःच्या स्वेटरला लावलं, आणि तशाच घरी गेल्या.

*

त्यानंतर दर वर्षी भास्करकाकांना एकच गोष्ट हवी असायची. बोट नव्हे. चारच्या आधी गव्हर्नरने जिना उतरून जिममध्ये यावं, आणि बोट नाही म्हणून तोंडाने सांगावं. एकदा तरी.

त्यांनी मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, तसं करता येत नाही. माघार नेहमी गुप्त असते. लोकांना कळलं तर धक्क्यावर गर्दी होईल, शत्रूला सुगावा लागेल, बोटच बुडेल. म्हणून जो गव्हर्नर बातमी फोडेल त्याचे अर्धे मार्क कापायचे, असा नियमच आहे. काकांनी मान डोलावली. इंजिनियर माणूस, नियम पाळतो.

मी इंजिनियर असलो तरी तसला नाही! मी बाकरवडीचं पाकीट घेतलं आणि बाथरूमच्या नावाखाली वर गेलो.

त्या वर्षीचा गव्हर्नर म्हणजे कपाटाएवढा फुटबॉल खेळणारा पोरगा. पाकीट बघून म्हणाला, "सर, इज धिस अ ब्राइब?"

"नो, नो! स्नॅक."

त्याने एक खाल्ली. डोळे मिटले. दुसरी खाल्ली. मी हळूच म्हटलं, "खाली येऊन दोन शब्द बोललास तर बरं होईल रे." तो खात होता. मी म्हटलं, "म्हातारे लोक आहेत." तो खात होता. पाकीट संपलं, बोटं चाटून झाली, आणि मग सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "आय कॅन नायदर कन्फर्म नॉर डिनाय अ शिप."

सुहासला सांगितलं तर म्हणाला, "माल गेला आणि माहितीही नाही. यालाच इंटेलिजन्स फेल्युअर म्हणतात, यार!"

बेटाला दर वर्षी गव्हर्नरकडे एक निरोप पाठवता येतो. विद्यार्थ्यांमधलाच एक जण निरोप्या असतो, तो जिना चढून जातो आणि उत्तर घेऊन उतरतो. आम्ही त्याही वर्षी नेहमीचंच विचारलं होतं, आमची बोट कधी येणार? थोड्या वेळाने उत्तर आलं. निरोप्याने खणखणीत वाचलं: शांत राहा आणि आपापली कामं चालू ठेवा.

सगळ्यांनी नाकं मुरडली. काकांनी मात्र हळूच मान हलवली, जुन्या ओळखीचा माणूस भेटल्यासारखी. चार वाजले. वर दारं आपटली. पोरं मागच्या जिन्याने हसत हसत बोटीकडे निघून गेली.

*

पुढचा किस्सा मला सांगायला आवडत नाही, पण लोक मागतात.

शत्रूच्या टीममधली एक पोरगी खेळाच्या कितीतरी आधीपासून आमच्या मागे लागली होती. "आय वॉन्ट टु लर्न युअर कल्चर." आम्ही विरघळलो आणि तिला आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं. शत्रूचा हेर स्वतःच्या हाताने घरात! तिला तिथे कल्चर मिळालं की नाही माहीत नाही, पण रोज सकाळी सूर्याबरोबर भास्करकाकांचा गुलाब मिळायचा. गुलाब, दवबिंदू, खाली 'सुप्रभात'. एक दिवस चुकायचा नाही. शत्रूच्या खोलीत त्याचा म्हणे आलेख लावला होता. गुलाब लाल की पिवळा, यावरून आमचे बेत ओळखायचे.

युद्धाच्या दिवशी सकाळी गुलाब आला नाही.

शत्रूने निष्कर्ष काढला: संदेश बंद झाले, म्हणजे बेटावर काहीतरी मोठं शिजतंय! ते काही करायच्या आत आपण उतरू या! आणि दुपारी बाराच्या सुमारास, सगळ्या अंदाजांच्या कितीतरी आधी, आरमार येऊन थडकलं. आजवरचा सगळ्यात यशस्वी हल्ला. मॅडमनी नंतर खूप कौतुक केलं.

पोरं आरडाओरडा करत जिममध्ये शिरली. "सरेंडर! हँड्स अप!" आम्ही सगळे एका कोपऱ्यात कुंदाकाकूंच्या फोनभोवती जमलो होतो. काकांच्या फुफ्फुसात पाणी झालं होतं. पहाटे ॲम्ब्युलन्स आली होती, आणि आम्ही त्यांच्या मुलीच्या फोनची वाट बघत होतो.

"हँड्स अप!"

"थांब रे बाबा जरा," कुंदाकाकू म्हणाल्या, "रिंग होतेय."

त्या पोरीला कळलं. जिममध्येच खाली बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर गुलाब आला. तिने पाठवला होता. काका हॉस्पिटलमध्ये होते तोवर रोज पाठवत राहिली, आणि खाली अडखळत लिहिलेलं 'सुप्रभात'.

काका शुद्धीवर आले, तोंडावरचा मास्क काढल्यावर मुलीला पहिला प्रश्न काय विचारला असेल?

"बेट कुणाकडे आहे?"

*

आणि हा यंदाचा.

काकांची मुलगी दुसऱ्या राज्यात, अल्फारेटाला असते. उन्हाळ्यात ती त्यांना कायमचं घेऊन जाणार आहे. तळमजल्यावर खोली तयार आहे, डॉक्टर शेजारीच राहतात. "तिकडे मला फार जपतील," काका म्हणाले. बोलण्याचा सूर असा, की जणू कुणीतरी शिक्षा सुनावलीय. म्हणजे यंदाचं युद्ध शेवटचं.

व्हॅनमध्ये चढताना त्यांच्या खांद्यावर ऑक्सिजनचं छोटं मशीन होतं. टाय होताच. मशीनचा पट्टा कुंदाकाकूंनी स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि दिवसभर काकांच्या शेजारी बसल्या. आवाज येत होता, टक्, श्श्. टक्, श्श्.

यंदाची गव्हर्नर हॅना नावाची मुलगी. राज्याच्या पूर्वेकडच्या, तंबाखू पिकवणाऱ्या गावातली. अंगात कुणाचा तरी मोठा कोट, बाह्या दुमडलेल्या. सकाळी भाषण करताना दोनदा ओळ चुकली. सुहास म्हणाला, "ही रडेल दुपारपर्यंत."

तीन वाजून गेले. निरोप्या खाली आला. सुहासने नेहमीप्रमाणे तोंड उघडलं, तेवढ्यात काका म्हणाले, "यंदा मी सांगतो."

ते इंग्रजीत बोलले, सावकाश, मध्ये मध्ये श्वास घेत. "गव्हर्नरना सांग, आम्ही बोट मागत नाही. बोट नसेल, तर नाही म्हणून येऊन सांगा. एवढंच."

निरोप्याने लिहून घेतलं. "दॅट्स इट, सर?"

"दॅट्स इट."

तो वर गेला. शिट्टी झाली. उत्तर आलं नाही. आणखी एक शिट्टी झाली. वर खुर्च्या सरकल्याचे आवाज, कुणाचं तरी हसणं. सामान आवरायला लागले होते.

सुहास पुटपुटला, "नाही येणार यार. अर्धे मार्क जातात."

"गप बस," कुंदाकाकू म्हणाल्या.

टक्, श्श्. टक्, श्श्. काका दाराकडे बघत नव्हते. समोरच्या बंद स्कोअरबोर्डकडे बघत होते.

मग जिन्यावर पावलं वाजली. एकाच माणसाची.

हॅना दारात उभी राहिली. कोटाच्या बाह्या सुटून बोटांवर आल्या होत्या. तिने सगळ्यांकडे एकदा बघितलं. रडली नाही. म्हणाली, "बोट नाहीये. तुमच्यासाठी बोट नाहीये. कधीच नव्हती. आम्ही चारला निघतोय."

वरून कुणीतरी ओरडलं, "हॅना! व्हॉट आर यू डुइंग?" तिने मागे बघितलं नाही.

काका खुर्चीला धरून उठले. कुंदाकाकू पट्टा घेऊन त्यांच्याबरोबर उठल्या. काका तिच्यापर्यंत गेले.

"थँक यू," म्हणाले. मग विचारलं, "बोटीवर तुझी जागा आहे ना?"

"येस, सर."

"मग जा. उशीर नको करूस."

तिने मान हलवली. पण जागची हलेचना. काकांनीच दार धरून ठेवलं, पाहुण्याला निरोप देताना धरतात तसं, आणि ती जिना चढून दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले. मग दार लावलं.

जिममध्ये आम्ही सगळे. कुणी बसलेलं, कुणी उभं. ज्याच्याकडे कायम काहीतरी प्लॅन असतो तो सुहास हळूच पुढे झाला. इतक्या वर्षांत त्याचा आवाज एवढा लहान मी ऐकला नव्हता.

"काका, आता काय करायचं?"

काका बंद दाराकडे बघत होते. 

"माहीत नाही रे," म्हणाले. "इथपर्यंत मी कधी आलोच नव्हतो."

मॅडमनी त्या पोरीला पैकीच्या पैकी मार्क दिले.

हे शेवटचं वाक्य तेवढं माझं. बाकी घडलेलं आहे.